पूर्वेकडचे नऊ खड्डे: एका बांधकाम कराराचं प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या कारखान्याची नवी इमारत. खाली लूमचा हॉल, वरच्या मजल्यावर तयार मालाची साठवण. करार 3 कोटी 20 लाखांचा, मुदत दहा महिन्यांची. काम सुरू 1 फेब्रुवारीला, संपवायचं 30 नोव्हेंबरला. प्रत्यक्षात इमारत ताब्यात दिली 22 जानेवारीला, म्हणजे 53 दिवस उशिरा. शेवटचं बिल आलं तेव्हा मालकाने त्यातून 12 लाख 80 हजार रुपये उशिराची भरपाई म्हणून कापले आणि पायाच्या जादा कामापोटी मागितलेले 4 लाख 93 हजार 884 रुपये सरळ खोडले. ठेकेदार म्हणाला, उशीर माझा नाहीच. मालक म्हणाला, तारीख करारात आहे.

बांधकामाच्या कराराचं कामकाज शिकणाऱ्या तरुण इंजिनिअरांसाठी हे प्रकरण मी बांधलं आहे. कोणा एका खऱ्या इमारतीची ही हकिकत नाही, आणि आकडे कागद-पेन्सिल घेऊन पडताळता यावेत असे बेतले आहेत. पण सोलापुरात ज्याने पाया खोदला त्याला काळी माती भेटलेली आहे, आणि ज्याने बिल बनवलं त्याला "तोंडी सांगितलं होतं की" हे वाक्यही भेटलेलं आहे.

ठेकेदाराला साइटवर सगळे अण्णा म्हणत. सिव्हिलची पदवी घेऊन काही काळ साइटवर राबलेली एक मुलगी त्यांनी ऑफिसात घेतली होती. फेब्रुवारीत, काम संपल्यावर, तिच्यापुढे कागदांचे दोन गठ्ठे ठेवून अण्णा म्हणाले, "मॅडम, यातून आपले पैसे काढा." करारविषयक काम ती तिथून शिकायला लागली. म्हणजे उलट्या टोकाकडून. बहुतेक जण असंच शिकतात, आणि मला ते बदलायला हवं असं फार वाटतं.

करारात काय होतं

आपल्याकडचे खाजगी करार बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-1 किंवा बी-2 नमुन्यावरून उतरवलेले असतात. बी-1 मध्ये ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली ते भरतो. बी-2 मध्ये प्रत्येक बाबीचा वेगळा दर भरतो. हा करार बी-2 च्या धर्तीवर आर्किटेक्टच्या ऑफिसात तयार झालेला. सरकारी नमुना उतरवताना एक गोष्ट मागे राहते. सरकारी कामावर कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशी उतरंड असते. मोजमाप कोण घेणार, एमबी (मोजमाप वही) कोण लिहिणार, कोण तपासणार हे ठरलेलं असतं. खाजगी कामावर ही माणसं नसतात, अटी मात्र तशाच राहतात. मग "प्रभारी अभियंत्याच्या लेखी आदेशाने" असं करारात असतं आणि साइटवर असा अभियंता शोधून सापडत नाही. इथे मालकाने एक निवृत्त सुपरवायझर अर्धा दिवस ठेवला होता.

आपल्या प्रकरणाला चार अटी लागतात. अट 7: उशिराचं कारण घडल्यापासून 15 दिवसांत ठेकेदाराने मुदतवाढीचा लेखी अर्ज करायचा. बी-1 मध्ये ही मुदत 30 दिवसांची आहे आणि आंतरराष्ट्रीय कामांवर चालणाऱ्या फिडिकच्या करारात दाव्याची सूचना 28 दिवसांत द्यावी लागते. म्हणजे 15 दिवस ही कडकच अट. अट 9: उशिराच्या प्रत्येक पूर्ण आठवड्याला कराराच्या रकमेच्या अर्धा टक्का, म्हणजे 1 लाख 60 हजार, आणि सगळी मिळून 5 टक्क्यांच्या वर नाही. अट 11: करारात नसलेलं काम आर्किटेक्टच्या लेखी सूचनेनेच करायचं, तोंडी सूचना असेल तर ठेकेदाराने सात दिवसांत ती कागदावर कळवायची, आणि पुढच्या सात दिवसांत आर्किटेक्टने हरकत घेतली नाही तर ती लेखी धरायची. अट 12: एखाद्या बाबीचं प्रमाण 25 टक्क्यांहून जास्त वाढलं, तर त्यावरच्या वाढीला नवा दर ठरवायचा.

फाइल उघडल्यावर तिने अट 9 वाचली आणि मालकाची वजावट तपासली. 53 दिवस म्हणजे सात आठवडे आणि चार दिवस. मालकाच्या माणसाने आठ आठवडे धरले होते. करारात "पूर्ण आठवडा" आहे. कुठलाही वाद न घालता 1 लाख 60 हजार तिथेच सुटले. करार वाचणं हे या कामातलं सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि सगळ्यात कमी केलं जातं.

खड्ड्यात काय निघालं

इमारतीला 36 फुटिंग, म्हणजे खांबांखालचे पाये. मध्ये एक्स्पान्शन जॉइंट, दोन भाग वेगळे ठेवणारी फट. पश्चिमेला 27, पूर्वेला 9. माती परीक्षणासाठी घेतलेले दोन्ही खड्डे पश्चिमेकडचे. त्यांत दीड मीटरवर कडक मुरूम लागला, म्हणून सगळ्याच फुटिंगची खोली दीड मीटर धरली. पूर्वेकडे मात्र कधीकाळी बुजवलेला ओढा होता. 26 फेब्रुवारीला 28 नंबरच्या खड्ड्यात मुरमाऐवजी काळी माती आणि भराव निघाला. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर फुटिंग टेकवणं शक्यच नव्हतं, त्यातून वर लूम धडधडणार.

28 तारखेला आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल सल्लागार आले. खड्ड्यात उतरून पाहिलं आणि म्हणाले, काळी माती सगळी काढा, मुरूम लागेल तिथपर्यंत जा, खालचा दीड मीटर 1:4:8 च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने भरून घ्या. पण सुधारित आराखडा येईपर्यंत हे नऊ खड्डे थांबवा. आराखडा 11 मार्चला आला. अकरा दिवस वाट पाहण्यात गेले, आणि जादा खोदाई व भरणीत आणखी तेरा. एकूण 24.

या 24 दिवसांत ठेकेदाराच्या ऑफिसातून एकही पत्र गेलं नाही. मुलीने विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "मालक रोज संध्याकाळी साइटवर यायचे, माझ्याबरोबर चहा प्यायचे. त्यांना पत्र लिहू? पत्र दिलं की संबंध तुटला मॅडम."

हे वाक्य मी या प्रकरणाचं केंद्र मानतो. सोलापूरसारख्या गावात ठेकेदार आणि मालक एकमेकांना लग्नाकार्यात भेटतात, पुढचं काम ओळखीवरच मिळतं. पत्र पाठवणं म्हणजे भांडण काढणं, असा समज खोल रुजलेला आहे. पण भांडण पत्राने झालं नाही. चहा पिणाऱ्या त्याच दोन माणसांत ते अकरा महिन्यांनी झालं, कारण मार्चमध्ये नेमकं काय ठरलं हे दोघांनाही वेगवेगळं आठवत होतं. मालकाला मनापासून वाटत होतं की आठवडाभरच काम थांबलं. अण्णांना वाटत होतं महिना गेला. कोणी खोटं बोलत नव्हतं. तारीख ताजी असताना कळवलं की माणसाला समोरच्याचा हेतू तपासत बसावा लागत नाही.

28 फेब्रुवारीला जायला हवं होतं ते पत्र एवढंच:

"विषय: पूर्व भागातील फुटिंग क्र. 28 ते 36, काम थांबल्याबाबत (अट 7 व 11).
महोदय, दि. 26 रोजी फुटिंग क्र. 28 च्या खोदाईत 1.5 मीटर खोलीवर मुरूम न लागता काळी माती व भराव आढळला. आज आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल सल्लागार यांनी जागेवर पाहणी करून मुरूम लागेपर्यंत खोदाई व 1:4:8 काँक्रीटने भरणी करण्याची, तसेच सुधारित आराखडा येईपर्यंत या नऊ फुटिंगचे काम थांबवण्याची तोंडी सूचना दिली. त्याप्रमाणे काम थांबवले आहे. पश्चिम भागातील काम चालू आहे. मुदतीवरील परिणाम व जादा खर्च आज सांगता येत नाही. काम पुन्हा सुरू झाल्यावर 15 दिवसांत तपशील सादर करू. सोबत फोटो सहा."

यात तक्रार नाही, पैशाची मागणी नाही, कोणाला दोष नाही. काय दिसलं, कोणी काय सांगितलं, काय थांबलं, काय चालू आहे, आणि पुढचा कागद कधी येईल. असं पत्र हातात देताना चहा घ्यायला काहीच हरकत नाही. नवशिक्यांकडून मी हे पत्र पुन्हा पुन्हा लिहून घेतो, कारण त्यात रकमेचा आकडा घालण्याचा मोह सुटत नाही. पहिल्याच दिवशी अंदाजाने टाकलेला आकडा नंतर गळ्याशी येतो.

पत्राच्या जागी काय सापडलं

पत्र नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साइटचा ग्रुप होता. 2 मार्चला अण्णांच्या सुपरवायझरने त्यात टाकलं होतं: "साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ईस्ट साइडचे काम बंद आहे, नवीन ड्रॉइंगची वाट बघतोय." खाली मालकाचा अंगठा, आणि आर्किटेक्टचं "दोन दिवसांत देतो." घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत कळवलं गेलं, मालकाने पाहिलं आणि आर्किटेक्टने सूचना आपलीच असल्याचं मान्य केलं, एवढं त्यातून निघतं. मुदतवाढीचा अर्ज मात्र त्यात नाही. करारात सूचना "लेखी, पत्राने किंवा ईमेलने" द्यायची होती.

असा निरोप कोर्टात किंवा लवादापुढे न्यायचा तर तो इलेक्ट्रॉनिक पुरावा ठरतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हेच कलम 65-ब मध्ये होतं, आणि ते प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ज्या खटल्यात पक्कं केलं तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून आलेला होता. मुलीने तीच शिस्त पाळली. ज्या फोनवरून निरोप गेला तो बाजूला ठेवून घेतला, संपूर्ण संवाद तारखांसह काढला आणि मधले निरर्थक "गुड मॉर्निंग"सुद्धा वगळले नाहीत. निवडक कापून आणलेल्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो "मधलं कुठे आहे?"

मुदतीत अर्ज नाही म्हणून हक्कच गेला का? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 28 मध्ये 1997 ला जी दुरुस्ती झाली तिच्या आधारे, ठरावीक दिवसांनंतर हक्कच संपवणारी अट शून्य आहे असा युक्तिवाद ठेकेदाराकडून केला जातो. मालकाकडून उत्तर येतं की ही हक्क संपवणारी अट नाही, तो मिळण्याची पद्धत आहे. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. अशा जागेवर उभं राहून पावणेअठरा लाखांचा वाद लढणं परवडत नाही, म्हणून तिने त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. ते बरोबरच होतं.

हजेरीची वही

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो कागद मुकादमाचा आहे. त्याची हजेरी वही तेलुगूत होती. ही मुलगी सोलापूर शहराच्या पूर्वभागातली, घरात तेलुगू बोलणारी, त्यामुळे तिला ती वाचता आली. मुकादमाने रोजच्या माणसांपुढे कोण कुठल्या बाजूला हेही लिहून ठेवलं होतं. त्यातून दिसलं की थांबलेल्या अकरा दिवसांतले बहुतेक दिवस पूर्वेकडची माणसं रिकामी बसली नव्हती; ती पश्चिमेच्या प्लिंथ बीमवर (जोत्याच्या तुळयांवर) लावली होती, आणि तिकडचं काम वेळापत्रकाच्या सात दिवस पुढे गेलं होतं.

म्हणजे पायामुळे गेलेले 24 दिवस खरे; पण इमारतीच्या शेवटच्या तारखेवर त्यांचा परिणाम 17 दिवसांचाच. ज्या कामांच्या साखळीला ढील नाही, तिच्यात जेवढे दिवस वाढले तेवढीच मुदतवाढ मिळते. साइटवर अमुक काम अमुक दिवस बंद होतं एवढ्याने भागत नाही.

अण्णा म्हणाले, "ही वही आपल्याच विरुद्ध जाते. कशाला दाखवायची? त्यांना तेलुगू कुठं येतंय!" तिने ऐकलं नाही. वही फाइलमध्ये लावली, शेजारी मराठी तर्जुमा जोडला, आणि मुदतवाढीच्या तक्त्यात 24 च्या जागी 17 लिहिलं. मी तिच्या बाजूचा आहे, आणि केवळ नीतीसाठी नाही. ठेकेदाराने स्वतःचे सात दिवस स्वतःच कमी केलेले पाहिल्यावर आर्किटेक्टने तक्त्यातल्या बाकीच्या ओळी फार न खोदता मान्य केल्या. उलट, हीच वही मालकाच्या बाजूने बाहेर आली असती तर उरलेल्या 17 वरही कोणी विश्वास ठेवला नसता.

जादा कामाचा हिशोब

ठेकेदाराची मागणी अशी होती: भरणीचं काँक्रीट 65.34 घनमीटर, दर 7,000. जादा खोदाई 91.26 घनमीटर, दर 400. दोन्ही "एक्स्ट्रा आयटम" म्हणून. मापं बरोबर होती. खड्डा 2.6 मीटर चौरस, भरणी 2.2 मीटर चौरस, जादा खोली सरासरी 1.5 मीटर, नऊ खड्डे, गुणून पाहा. वर्गवारी मात्र चुकलेली होती.

1:4:8 काँक्रीट ही बाब बीओक्यूमध्ये (करारातल्या बाबी, प्रमाण आणि दरांच्या यादीत) आधीपासून होती, फुटिंगखालच्या थरासाठी. प्रमाण 48 घनमीटर, दर 5,200. बाब करारात असेल तर ती एक्स्ट्रा नव्हे, ते प्रमाण वाढणं झालं. अट 12 प्रमाणे 125 टक्के म्हणजे 60 घनमीटरपर्यंत जुनाच दर. म्हणून 65.34 पैकी पहिले 12 घनमीटर 5,200 ने, 62,400 रुपये. उरलेले 53.34 नव्या दराने. खोल खड्ड्यात काँक्रीट उतरवणं आणि पाणी उपसणं धरून तिने खर्चाचं पृथक्करण केलं, ते 5,900 ला आलं, 3,14,706 रुपये. खोदाईचं नेमकं उलट. बीओक्यूमध्ये खोदाई होती ती दीड मीटरपर्यंतचीच. खोदाईचा दर दीड-दीड मीटरच्या टप्प्याने बदलतो, आणि 1.5 ते 3 मीटरचा टप्पा करारात नव्हता; तो खरोखरचा एक्स्ट्रा आयटम. पहिल्या टप्प्याचा करारातला दर 260, त्यात राज्य दरसूचीतल्या दोन टप्प्यांमधला फरक मिळवून 315. त्याचे 28,747. एकूण 4,05,853 रुपये. मागणीपेक्षा 88 हजारांनी कमी, पण प्रत्येक रुपयाला कराराचा आधार.

मोजमापात एक भोक होतं. नऊपैकी सहा खड्ड्यांची मापं काँक्रीट टाकण्याआधी मालकाच्या सुपरवायझरसमोर घेतलेली, वहीत दोघांच्या सह्या. उरलेले तीन एका शनिवारी दुपारनंतर भरले. सुपरवायझर घरी गेलेला, माप नाही. झाकलं जाणारं काम न मोजता झाकणं यासारखा निष्काळजीपणा नाही. तिथे दुसरं काही सापडतं का हे तिने पाहिलं. खड्ड्यात स्टाफ (मापाची आकडे असलेली पट्टी) उभी करून काढलेले फोटो होते. पण फोटोत खोली दिसते, लांबी-रुंदी नाही. मग सिमेंटचं रजिस्टर काढलं. तीन खड्ड्यांचं काँक्रीट 21.78 घनमीटर. 1:4:8 ला घनमीटरमागे साधारण 170 किलो सिमेंट लागतं, म्हणजे 74 गोण्या. रजिस्टरमध्ये त्या शनिवार-रविवारी त्या कामावर 76 गोण्या दिलेल्या. दोन गोण्यांचा फरक वाया गेल्याचा धरता येतो. आर्किटेक्टने तीन खड्डे मान्य केले. रजिस्टर साठ्यासाठी लिहिलं होतं, बिलासाठी नाही, म्हणूनच त्याला वजन आलं.

53 दिवसांची वाटणी

पायाचे 17 दिवस झाले. बाकीचे असे.

जुलैमध्ये अण्णांनी सेंट्रिंगचं सामान (स्लॅबखालचे साचे आणि टेकू) मोहोळकडच्या दुसऱ्या साइटवर हलवलं आणि स्लॅब 19 दिवस लांबला. हे पूर्ण त्यांचं. लूमच्या पायाचा आराखडा मालकाने 1 ऑगस्टला देतो म्हणून 25 ऑगस्टला दिला. ठेकेदाराने याचे 24 दिवस मागितले होते. पण स्लॅबच लांबल्यामुळे खालच्या हॉलमधले टेकू 20 ऑगस्टपर्यंत उभेच होते. आराखडा वेळेत आला असता तरी हात चालला नसता. दोन्ही बाजूंचा उशीर एकमेकांवर पडला होता, त्यातून मालकाच्या खात्यावर निव्वळ पाचच दिवस निघतात. इथे मतभेद होऊ शकतो. एकाच वेळी दोघांचा उशीर असेल तर मुदत द्यावी पण पैसे देऊ नयेत, असं मानणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही.

पावसाचे आठ दिवस मागितले होते, सगळे सप्टेंबरचे. सोलापुरात पाऊस जोर धरतो तो सप्टेंबरमध्येच. दहा महिन्यांचं वेळापत्रक बनवणाऱ्याने तो धरलेला असला पाहिजे. करारात सवलत होती ती अतिवृष्टीला. महसूल मंडळाच्या नोंदीत 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वरचा एकच दिवस निघाला; आवारातलं पाणी ओसरायला आणखी दोन. तीन दिवस दिले.

गड्ड्याच्या जत्रेचे सहा दिवस ठेकेदाराने अडचण म्हणून मागितले होते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते आणि मजूर कामावर येत नाहीत, हे सोलापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण इथे प्रश्न थोडा बारीक आहे. मालकाच्या उशिरामुळेच काम जानेवारीत ढकललं गेलं असतं, तर हे सहा दिवस मालकाकडे गेले असते. म्हणून आधी बाकीची बेरीज: 17, 5 आणि 3, एकूण 25 दिवस. 30 नोव्हेंबरनंतर 25 दिवस म्हणजे 25 डिसेंबर. मालकाच्या सगळ्या उशिरासकट काम नाताळला संपायला हवं होतं. जत्रा त्यानंतर तीन आठवड्यांनी. सहा दिवस अण्णांचेच. उरलेले तीन दिवस फिनिशिंगच्या ढिलाईचे.

ठेकेदाराकडे 19, 6 आणि 3, असे 28 दिवस. बरोबर चार आठवडे, 6 लाख 40 हजार.

मालकानेही लिहिलं नव्हतं

इथपर्यंत चूक एकट्या ठेकेदाराची वाटेल. तसं नव्हतं. 30 नोव्हेंबर उलटला तेव्हा मालकाने काहीच कळवलं नाही. काम चालू दिलं, डिसेंबरचं आरए (चालू कामाचं) बिल कुठलीही वजावट न करता दिलं, आणि भरपाईचा शब्द काढला तो थेट फेब्रुवारीत. करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती उलटल्यावर दुसऱ्या पक्षाने उशिराचं काम स्वीकारलं, तर स्वीकारतानाच भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना द्यावी लागते. न दिल्यास भरपाई मागता येत नाही. यावर मालकाचा वकील म्हणणार, मुदत गाभा नव्हतीच. त्याला आधारही आहे: हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1979 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मुदतवाढीची आणि उशिराच्या दंडाची तरतूद असलेल्या करारात मुदत सहसा गाभा ठरत नाही, असं म्हटलं आहे. पण तसं म्हटलं की "तारीख करारात लिहिली आहे" हा मालकाचा पहिला पवित्राच सैल होतो. 1 डिसेंबरला "हक्क राखून काम चालू ठेवण्यास परवानगी देत आहोत" एवढी एक ओळ गेली असती तर हा पेच आलाच नसता.

शिवाय कलम 74 आहे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. कैलाश नाथ असोसिएट्सच्या 2015 च्या निकालानंतर नुकसान झालंच नसेल तर ती रक्कम मिळत नाही हे स्पष्ट आहे. नुकसान सिद्ध करणं अशक्य किंवा अवघड असेल तिथे मात्र करारातला प्रामाणिक अंदाज चालतो. मालकाने भाड्याच्या गोडाऊनची 90 हजारांची पावती आणि न चाललेल्या लूमवरच्या कर्जाचं 1 लाख 85 हजारांचं व्याज दाखवलं. एक ऑर्डर गेल्याचंही सांगितलं, पण कागद नव्हता. सिद्ध झाले 2 लाख 75 हजार. ऑर्डरचं काहीतरी धरून आकडा 3 लाख 50 हजारांवर ठरला.

तडजोड आर्किटेक्टच्या ऑफिसात झाली. 12 लाख 80 हजारांतून साडेतीन लाख ठेवून 9 लाख 30 हजार परत, आणि जादा कामाचे 4,05,853. एकूण 13,35,853 रुपये, जीएसटीचा हिशोब वेगळा.

अण्णांनी विचारलं, पश्चिमेकडे माणसं हलवून आपण सात दिवस वाचवले, त्याचे पैसे? मागणी मला रास्त वाटते. पण माणसं हलवताना मालकाला कळवलं नव्हतं आणि त्यापायी झालेला जादा खर्च वेगळा लिहिलेला नव्हता, त्यामुळे तिच्यापुढे आकडा लिहिता आला नाही.

तडजोडीचा मसुदा मालकाच्या सीएने पाठवला. त्यात "पूर्ण व अंतिम, ठेकेदाराचे कोणतेही येणे बाकी नाही" असं होतं. दबावाखाली घेतलेल्या अशा पावतीला आव्हान देता येतं, 2008 च्या बोघारा पॉलिफॅब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. पण खुशीने सही केलेल्याला तो रस्ता नाही. आणि मालकाकडे 5 टक्के सुरक्षा अनामत, म्हणजे 16 लाख, अजून होती. तडजोडीतून मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त. मुलीने मसुद्यात एक वाक्य घालून परत पाठवला: "सदर समझोत्यातून सुरक्षा अनामत रक्कम रु. 16,00,000 वगळण्यात येत आहे. ती दोषदायित्व कालावधी संपल्यावर, पुढील वर्षीच्या दि. 21 जानेवारीनंतर, संयुक्त पाहणी करून 30 दिवसांत परत करण्यात येईल." मालकाने हरकत घेतली नाही, आणि दोघांनी सह्या केल्या.